कमाल मागणी (एका वेळी प्रत्यक्ष लागणारी सर्वाधिक वीज) काढताना जोडभाराला (सगळ्या उपकरणांच्या क्षमतेच्या बेरजेला) सरसकट 0.6 ने गुणलं तर चालतं का?

नाही, आणि तुमच्या कारखान्याच्या यादीत गुणण्याआधी बेरजेत घेतलेले आकडेच चुकले आहेत. मशीन 240, कम्प्रेसर 37 चे दोन, चिलर 300, दिवे 20, ऑफिसचे सॉकेट 60, फायर पंप 45 मिळून 739 किलोवॅट. त्याचे 0.6 ने 443, म्हणून 500 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

चिलरचे 300 किलोवॅट ही थंडाव्याची क्षमता आहे, सुमारे 85 टन. वीज किती लागेल ते सीओपीवर, म्हणजे एक किलोवॅट विजेत किती किलोवॅट थंडावा मिळतो यावर ठरतं. सीओपी 3 असेल तर 100 किलोवॅट. ही चूक फार जण करतात. थंड पाण्याचे पंप मात्र यादीतून सुटलेत, त्यांचे 8 धरा.

दोनपैकी एक कम्प्रेसर स्टँडबाय (दुसरा बंद पडला तरच चालणारा) आहे, तो मोजू नका. चालणाऱ्याचे 37 हे शाफ्टवरचे, 0.93 कार्यक्षमतेने भागलं की वीज 40 लागते. फायर पंप रोजच्या मागणीत येत नाही, पण त्याची केबल आणि जनरेटर काढताना तो पूर्ण धरायचा.

मशीनना 0.4 चा गुणक धरला, म्हणजे क्षमतेच्या सरासरी 40 टक्केच वीज घेतात असं मानलं, तर 96. सीएनसीची (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनची) स्पिंडल मोटर पूर्ण भार काही सेकंदच घेते आणि मीटर 15 किंवा 30 मिनिटांची सरासरी नोंदवतो. भट्टीला हा आकडा कधीच लावू नका. गार भट्टी तापेपर्यंत सलग पूर्ण भार खेचते, आणि सुट्टीनंतरच्या सकाळी दोन एकदम लावल्या तर तीच महिन्याची कमाल ठरू शकते. दिव्यांना 0.9 ने 18, सॉकेटना 0.3 ने 18.

सगळे मिळून 280 किलोवॅट. सगळे गट एकाच वेळी कमाल भार घेत नाहीत म्हणून आता आणखी सूट द्यावी का? त्यासाठी प्रत्येक गट किती वाजता किती चालतो, हे 24 तासांच्या तक्त्यात मांडा. तुमच्याकडे भर दुपारी सगळंच एकत्र चालतं, म्हणून इथे सूट नको. ही सूट डायव्हर्सिटी फॅक्टरने (गटांच्या कमाल मागण्यांची बेरीज भागिले एकत्रित कमाल मागणी) देतात. तो 1.25 असा दिला असेल तर भागायचं, 0.8 असा दिला असेल तर गुणायचं. दोन्ही केलं की मागणी कागदावर कमी दिसते आणि मेन ब्रेकर उन्हाळ्यात ट्रिप होतो.

पॉवर फॅक्टर (किलोवॅट आणि केव्हीएचं गुणोत्तर) 0.9 धरल्यास 311 केव्हीए, 415 व्होल्टवर 433 अँपिअर. वाढीसाठी 25 टक्के ठेवले तरी 389, म्हणजे 400 केव्हीए पुरतो. 37 किलोवॅटची मोटर थेट सुरू केली तर काही सेकंद सहा-सात पट करंट घेईल. कमाल मागणीत ते दिसणार नाही, पण व्होल्टेज किती पडतं ते वेगळं तपासाच.

हे गुणक फीडर (अनेक मशीनना वीज नेणारी केबल) आणि मेनसाठी (कारखान्याची मुख्य जोडणी) आहेत. एकेका मशीनची केबल मात्र पूर्ण भारावरच काढायची. तुमच्यासारखाच कारखाना चालू असेल तर ऐन उन्हाळ्यात त्याच्या मेनवर आठवडाभर लॉगर (भार सतत नोंदवणारं यंत्र) लावा. माझ्या 0.4 पेक्षा त्यातून निघालेला आकडा खरा माना.