साठी-सत्तरीनंतर रोजच्या जगण्यात हसण्यासारखं काही उरतं का?

तुम्ही लिहिलंय, बाबांना ऐकू येत नाही, आईला आठवत नाही, आणि त्यावरून दोघं दिवसभर एकमेकांवर खेकसतात. ते बघून तुमच्या पोटात कालवतं. मी ७१ वर्षांची, आमचे हे ७५. आमच्या घरातही हे सगळं होऊन गेलंय, म्हणून मनापासून सांगते : हसण्यासारखं उरतं, भरपूर उरतं.

परवाचीच गोष्ट. मी आतून हाक मारली, "अहो, फोन आलाय!" हे उठले, दार उघडलं, बाहेर डोकावले आणि आत येऊन म्हणाले, "कोणी नाही गं." तोवर फोन वाजून वाजून थांबला होता. पूर्वी मी इथेच चिडले असते. या वेळी विचारलं, "तुम्हाला काय ऐकू आलं?" म्हणाले, "कोण आलंय? असं तूच विचारलंस ना!" फोन आलाय, कोण आलंय. पाच मिनिटांनी तोच फोन परत आला, तेव्हा आम्हा दोघांनाही हसू आवरून बोलता येईना.

वय वाढतं तसे कान आधी वरच्या पट्टीतले बारीक आवाज सोडतात. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत आणि ठसठशीत असतात, ते पोचतात. स, श, फ यांसारखी व्यंजनं हलकी आणि वरच्या पट्टीतली, ती गळतात. म्हणजे वाक्याची चाल कळते, अक्षरं कळत नाहीत, आणि मग मेंदू रिकाम्या जागी अर्थ लागेल असा शब्द बसवतो. म्हणूनच चुकून ऐकलेलं वाक्य मूळ वाक्याशी इतकं छान यमक जुळवतं. हे समजल्यापासून मी ओरडणं सोडलं. ओरडलं की स्वर मोठे होतात, व्यंजनं तिथेच राहतात. शिवाय ओरडणाऱ्याचा चेहरा रागावलेला दिसतो, म्हणून समोरचाही रागावतो. घरातली निम्मी भांडणं मला वाटतं एवढ्यावरच होतात. आता मी समोर जाऊन, ओठ दिसतील अशी उभी राहून, जरा सावकाश बोलते. बाबांचे कान एकदा तपासून घ्या, ते टाळू नका.

आता आठवणीचं. आमच्याकडचा हा संवाद बघा.

"आज तो भेटला होता."
"कोण?"
"तो गं, उंच. त्याची बायको गायची."
"हां, ते तिघे भाऊ."
"त्यातला मधला."
"बरा आहे ना?"
"बरा आहे. तुझी चौकशी करत होता."

नाव दोघांनाही आठवलं नाही, आणि कुणाचं काही अडलंही नाही! रात्री दीड वाजता ह्यांनी अंधारात खणखणीत आवाजात त्याचं नाव, आडनाव उच्चारलं आणि कूस बदलून झोपी गेले. मी मात्र कितीतरी वेळ उशीत तोंड खुपसून हसत होते.

जिभेवर आलेलं नाव अडकणं वयाबरोबर वाढतं, हे मानसशास्त्रज्ञ डेबोरा बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये अभ्यास करून दाखवलं. अर्थ शाबूत असतो, अर्थापासून उच्चारापर्यंतचा धागा सैल होतो. नावांचे तर सगळ्यात जास्त हाल. एखादा माणूस सुतारकाम करतो हे लक्षात राहतं, कारण त्याला करवत, रंधा, लाकडाचा वास असं बरंच काही चिकटलेलं असतं. पण त्याचं आडनाव सुतार असेल, तर त्याला काहीच चिकटलेलं नसतं. ते निसटतं.

आणि या खोलीतून त्या खोलीत गेल्यावर 'मी इथे कशाला आले' असं होणं? त्यावर मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल रॅडव्हॅन्स्की यांचे २०११ चे प्रयोग आहेत. दारातून पलीकडे गेलं की विसरणं वाढतं, आणि हे कॉलेजातल्या तरुण मुलांमध्ये दिसलं. आईला हे आवर्जून सांगा. मात्र किल्ली कुठे ठेवली हे विसरणं वेगळं आणि किल्लीचं काय करायचं हे विसरणं वेगळं. दुसरं दिसलं, रोजची कामं अडू लागली, तर हसण्यावारी नेऊ नका. लगेच डॉक्टरांकडे न्या.

रॉबर्ट प्रोव्हाइन या मानसशास्त्रज्ञांनी माणसं कधी हसतात याची वर्षानुवर्षं निरीक्षणं केली. एकटं असताना हसतो त्याच्या साधारण ३० पट आपण सोबतीत हसतो, आणि बहुतेक हसणं विनोदावर नसतं, अगदी साध्या बोलण्यावर असतं. मला हे शंभर टक्के पटतं. हे त्या दिवशी दार उघडून एकटेच परत आले असते, तर त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. आमच्या घरी एक नियम मात्र आहे : ज्याचं चुकलं तो आधी हसणार, दुसऱ्याने नंतर. नातवंडांनाही तो लागू आहे.

पुढच्या वेळी दोघांचं वाजलं, की बाबांना तेवढं विचारून बघा, "तुम्हाला नक्की काय ऐकू आलं?" उत्तर आईसमोरच द्यायला लावा. आणि काय निघालं ते मला इथे कळवा, मी वाट बघते.