मे महिन्यातला पेस आणि जानेवारीची मुंबई

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फेब्रुवारीत होटगी रोडला दहा किलोमीटर ५८ मिनिटांत व्हायचे, आता मेमध्ये ६५ लागतात. ॲप रोज लाल बाण दाखवतंय, आणि यंदा सातारा हिल हाफ व मुंबई हाफ या २१.१ किलोमीटरच्या दोन्ही अर्धमॅरेथॉन चांगल्या टायमिंगने करायच्या आहेत. मग फिटनेस गेला का?

गेला नाही ओ, सोलापूर तापलंय. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, पायांच्या वाट्याला कमी येतं आणि तोच पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारी मिनिटं, धरायला हृदयाला जास्त ठोके टाकावे लागतात. ॲपला यातलं काही कळत नाही, ते फक्त मिनिटं मोजतं. म्हणून मेची तुलना फेब्रुवारीशी करू नका, मागच्या मेशी करा. मागच्या मेची नोंद नसेल तर यंदाची नीट ठेवा, पुढच्या वर्षी कामाला येईल.

नोंदीसाठी मी अजून वहीच वापरतो. अंतर आणि वेळ घड्याळात असतेच. वहीत लिहायचं ते वेगळं: किती वाजता निघालो, तापमान किती, सरासरी हार्ट रेट, धावताना सलग वाक्य बोलता येत होतं का, आणि ‘काल लग्नाचं जेवण, झोप रात्री एकला’ असला मजकूर. शेवटचा रकाना हास्यास्पद वाटतो, पण पेस का पडला याचं उत्तर निम्म्या वेळा तिथेच सापडतं. नवे शूज वापरायला कधी काढले हेही लिहा. पाचशे ते आठशे किलोमीटरच्या दरम्यान त्यांचा दम जातो आणि दोष आपण गुडघ्याला देत बसतो.

महिन्यातून एकदा एक साधी चाचणी करा. संभाजी तलावाकडचा नेहमीचा रस्ता, तीच वेळ, आधी थोडं वॉर्मअप, मग पाच किलोमीटर हार्ट रेट ठरावीक आकड्याच्या आसपास ठेवून. समजा १४५. जोर लावायचा नाही, फक्त वेळ टिपायची. तेवढ्याच ठोक्यांत वेळ कमी होत गेली की प्रगती आहे. रोजचा पेस बघून जीव जाळण्यापेक्षा हे बरं.

आता अंदाज. अमेरिकन इंजिनियर पीट रीगल यांचं सूत्र आहे: दोन अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात काढून जुन्या वेळेला गुणायचं. तुमच्या ५८ मिनिटांवरून हाफ साधारण २ तास ८ मिनिटं येते. पण हे सूत्र लाँग रन झालेले आहेत असं गृहीत धरतं, आणि मुंबईची दमट हवा त्यात नाही. आपल्या कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, तिथे अंगावरच राहतो. म्हणून २:१०–२:१२ धरून चाला. शिवाय रेसचं अंतर सायकलने, सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात आणि किलोमीटरमागे मीटरभर वाढवून ठेवतात. आपण वळणं बाहेरून घेतो, जीपीएसही थोडं भरकटतं, त्यामुळे घड्याळ फिनिशला २१.३–२१.४ दाखवतं. २:१० करायचं तर घड्याळावर किलोमीटरचा पेस ६:१० नव्हे, ६:०४–६:०६ दिसायला हवा. शेवटच्या किलोमीटरला हिशेब चुकलेले बरेच जण याच फरकात अडकतात.

दोन्हींत टायमिंग काढायचा हट्ट मात्र सोडा. साताऱ्याला यवतेश्वरमार्गे कासच्या रस्त्याने निम्मी रेस वर चढायची आणि निम्मी उतरायची असते. सपाट सोलापुरातल्या माणसाला चढ दमवतो, पण मांड्या फोडतो तो उतार. पावसाळ्यात एखाद्या रविवारी तुळजापूरच्या घाटात जाऊन चढण्याइतकंच उतरण्याचाही सराव करा. साताऱ्यात घड्याळ न बघता, मेडल घेऊन, सगळे सांधे शाबूत ठेवून परत या. त्यानंतर दोन आठवडे हलकंच धावा.

कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणार असाल तर तो हिशेबात धरा. ते पंचेचाळीसेक किलोमीटर आहे, फुल मॅरेथॉनपेक्षाही जास्त! कसलंही ट्रेनिंग न घेता आपल्याकडची आजी-आजोबा मंडळी ते करतात, हा भाग वेगळा. त्या आठवड्याचा लाँग रन रद्द.

खरं काम नोव्हेंबर-डिसेंबरात. सोलापूरची पहाट तेव्हाच धावण्यालायक असते. आठवड्याचे किलोमीटर तीसवरून हळूहळू पंचेचाळीसपर्यंत न्या, दर चौथ्या आठवड्याला पाव भाग कमी करा. लाँग रन अठरा-एकोणीसपर्यंत पुरे. आठवड्यात एकच टेम्पो, म्हणजे जरा दम लागेल असा सलग वेगाचा रन, बाकी सगळं गप्पा मारत.

मग येतो गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वरांची यात्रा. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे यात्रेनंतर लगेचच. ज्या दिवसांत पाय जपायचे, नेमकी त्याच दिवसांत आपल्याकडे नंदीध्वजांची मिरवणूक! अक्षता सोहळ्याला जरूर जा. अडुसष्ट लिंगांची अनवाणी प्रदक्षिणा मात्र यंदा घरच्या दुसऱ्या कुणाकडे सोपवा. ज्यांच्या घरात ती परंपराच आहे त्यांना मी हे सांगणार नाही, त्यांनी सरळ दुसरी रेस निवडावी. गड्ड्यावरची भजी रेसनंतर खा.

आणि बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, रेसच्या दिवशी मिळत नाही, आधी एक्स्पोत जाऊन घ्यावा लागतो. म्हणजे उशिरात उशिरा शुक्रवारची सिद्धेश्वर एक्स्प्रेस. शनिवारी सकाळी उतरून बिब घ्या आणि दिवसभर पाय वर करून पडा. तिकीट आरक्षण उघडल्याबरोबर काढा, यात्रेवरून परतणाऱ्यांचीही तीच गाडी असते.