टेस्टमागून टेस्ट, तरी गुण जागचे हलत नाहीत

डिसेंबर उजाडला की माझ्या दादरच्या समुपदेशनाच्या खोलीत बारावी विज्ञानाच्या मुलांचे पालक येऊ लागतात आणि बहुतेकांची काळजी एकच असते. मूल दिवसाला आठ-नऊ तास अभ्यास करते, एकही टेस्ट चुकवत नाही, तरी सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या अभियांत्रिकी वगैरे प्रवेश परीक्षेच्या, सरावातले गुण जागचे हलत नाहीत. मग अजून एखादी टेस्ट सिरीज किंवा क्लास लावावा का? याचे उत्तर मी एका मुलीच्या अनुभवातून देते. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

भांडुपच्या दोन खोल्यांच्या घरातून ती वडिलांबरोबर आली, तेव्हा वडिलांच्या हातात एक जाड डायरी होती. ऑगस्टपासूनच्या प्रत्येक मॉकची, म्हणजे सराव परीक्षेची, तारीख आणि 200 पैकी मिळालेले गुण त्यांनी रेघा आखून लिहिले होते: 104, 98, 109, 101, 102. "मॅडम, एकोणीस टेस्ट झाल्या. शंभरच्या आसपासच फिरतेय. आम्ही कुठे कमी पडतोय?" क्लासच्या फीसाठी ते गेले दीड वर्ष रात्रपाळी करत होते. त्या डायरीत माया होती, धाकही होता, आणि मुलगी सगळा वेळ तिच्याकडे न पाहता खिडकीबाहेर पाहत होती.

मी आधी टेस्टचे पेपर मागितले. ते कोणाकडेच नव्हते. टेस्ट संपली की पडद्यावर गुण येत, वडील ते डायरीत उतरवत, आणि पुढच्या टेस्टची तयारी सुरू होई. एकोणीसपैकी एकही पेपर तिने पुन्हा उघडला नव्हता. का, असे विचारल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मार्क बघितले की पेपर बंदच करावासा वाटतो. घरात पेपर उघडला की सगळ्यांना दिसतो." दोन खोल्यांच्या घरात रडण्यासाठीही आडोसा नसतो, हे मुंबईत राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. गुण कमी आले की त्या रात्रीचे जेवण मुकाट्याने होत असे.

पुढच्या खेपेला तिला एकटीलाच बोलावले आणि 102 गुणांचा ताजा पेपर आम्ही दोघींनी मिळून वाचला. सीईटीच्या पीसीएम गटात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे 50-50 प्रश्न प्रत्येकी 1 गुणाचे असतात आणि त्या शंभर प्रश्नांना मिळून 90 मिनिटे मिळतात. ती संपल्यावर गणिताचे 50 प्रश्न प्रत्येकी 2 गुणांचे, त्यांना वेगळी 90 मिनिटे. तिची 78 उत्तरे बरोबर होती आणि 33 चुकली होती. उरलेले 39 प्रश्न तिने कोरे सोडले होते.

सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, हे तिला तोंडपाठ होते. तरीही 39 प्रश्न कोरे का, यावर ती स्वतःच चकित झाली. तिचा क्लास मुख्यतः जेईईचा, म्हणजे आयआयटी-एनआयटीसारख्या संस्थांच्या प्रवेश परीक्षेचा होता. जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात आणि चुकल्यास 1 गुण वजा होतो, त्यामुळे खात्री नसेल तर हात आखडायचा ही सवय दीड वर्षात अंगात मुरली होती. नियम माहीत होता, पण हात जुन्याच नियमाने चालत होता. चार पर्यायांतला एक नुसता अंदाजाने निवडला असता, तरी त्या कोऱ्या प्रश्नांतून सरासरीने तेराएक गुण पदरात पडले असते. मला मात्र त्याहून मोठा प्रश्न वेळेचा वाटला. जेईई मेनच्या 75 प्रश्नांना 3 तास असतात, म्हणजे एका प्रश्नाला जवळजवळ अडीच मिनिटे. सीईटीच्या पहिल्या भागात एका प्रश्नाच्या वाट्याला 54 सेकंद येतात. क्लासच्या प्रणालीत प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ दिसतो. भौतिकशास्त्राच्या चार गणितांशी झुंजण्यात तिची पंधरा मिनिटे गेली होती आणि त्यातून मिळाले होते 2 गुण.

मग आम्ही 33 चुका एकेक करून वेगळ्या केल्या. त्यांपैकी 12 प्रश्नांचा विषयच तिला येत नव्हता, 7 ठिकाणी दोन सूत्रांची गल्लत झाली होती, आणि 14 प्रश्न तिला पूर्ण येत असूनही चुकले होते: "असत्य विधान ओळखा" मधला "अ" नजरेतून निसटला, सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिले, उत्तराचे चिन्ह उलटले. या चौदांना ती आणि तिचे वडील दोघेही "सिली मिस्टेक" म्हणत. मला हा शब्द घातक वाटतो, कारण तो उच्चारला की शोध थांबतो. या चौदांतल्या नऊ चुका पहिल्या भागाच्या शेवटच्या वीस मिनिटांतल्या होत्या. ज्या चार गणितांनी पंधरा मिनिटे खाल्ली, त्यांनीच पुढची घाई निर्माण केली होती. तिच्या हुशारीचा किंवा निष्काळजीपणाचा इथे काही संबंध नव्हता. हे वहीत आकड्यांनिशी दिसल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मला येतंय." त्या दिवशी ती पहिल्यांदा मोकळेपणाने बोलली.

जे 12 प्रश्न खरोखरच येत नव्हते, त्यांतले 8 अकरावीचे होते. सीईटीत सुमारे 20 टक्के प्रश्न अकरावीच्या ठरावीक प्रकरणांवर असतात, म्हणजे 200 पैकी साधारण 40 गुण तिथे आहेत. बारावीचा पोर्शन संपवण्याच्या धावपळीत अकरावीच्या वह्या माळ्यावर गेल्या होत्या.

वडिलांशी वेगळे बोलणे भाग होते. सीईटी अनेक दिवस, सकाळ-दुपारच्या सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर निराळा असतो. म्हणूनच निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. आपल्या सत्रातल्या शंभरपैकी किती जणांना आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण आहेत, एवढेच तो आकडा सांगतो. क्लासच्या अहवालातले 61 पर्सेंटाइल म्हणजे 61 टक्के, असे ते नातेवाइकांना सांगत आले होते, आणि ते पर्सेंटाइल तर फक्त त्या क्लासच्या मुलांमधले होते. शिवाय एक मॉक सोपा, दुसरा अवघड. तेव्हा 109 वरून 101 वर येणे ही घसरणच आहे, असे डायरीवरून ठरवता येत नाही. हे त्यांना पटले. टेस्ट कमी करायच्या, हे मात्र पटेना. अलीकडे आठवड्याला तीन टेस्ट होत होत्या. मी एकच द्यायला सांगितली आणि पुढचे दोन दिवस त्याच पेपरच्या वाचनाला ठेवले. "बाकीची मुलं तीन देणार आणि ही एक, मागे नाही पडणार?" ही त्यांची भीती खोटी नव्हती. मी सहा आठवडे मागितले, आणि त्या काळात डायरी माझ्याकडे ठेवायला सांगितली. बऱ्याच वेळाने त्यांनी ती टेबलावर ठेवली.

तिने चुकांची वही घातली. चाळीसएक सेकंदांत वाट दिसली नाही तर प्रश्नावर खूण करून पुढे जायचे आणि प्रत्येक भागाच्या शेवटच्या पाच मिनिटांत एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही, एवढेच दोन नियम ठरवले. अकरावीची प्रकरणे सकाळी भांडुपहून निघणाऱ्या लोकलमध्ये नव्हे, तर दुपारी वॉर्डातल्या अभ्यासिकेत, टेबलाशी बसून करायची ठरली. रात्री दोनला झोपून साडेपाचला उठणे बंद केले, कारण जागरणाने थकलेले डोळे "असत्य" मधला "अ" सोडून देतात.

चौथ्या आठवड्यात गुण 94 वर आले. त्या रात्री वडिलांचा फोन आला, आवाज कापत होता. नवी पद्धत हाताला बसेपर्यंत असे होते, हे मी सांगितले; पण खरे सांगायचे तर मलाही त्या रात्री काळजी वाटली. दुसऱ्या दिवशी तिने पेपर वाचून कळवले की कोरा प्रश्न एकही नाही, मात्र खूण केलेल्या प्रश्नांकडे परतायला वेळच उरला नव्हता. म्हणजे पुढे जाण्याचा निर्णय अजून उशिरा होत होता. पुढच्या पेपरांत 113 झाले, मग 121, मग 117, आणि मार्चअखेर 130.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. मुलाची झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे उडाले असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे ते बोलत असेल, तर वही आणि मिनिटे बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. 14416 या क्रमांकावर सरकारची टेलि-मानस सेवा विनामूल्य मिळते. परीक्षा पुन्हा देता येते.

त्या मुलीला माटुंग्याच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी महाविद्यालयात जायचे होते, ते जमले नाही. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, दुसऱ्या फेरीत ठाणे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तिला हव्या त्या शाखेची जागा मिळाली. दिवाळीनंतर वडिलांचा पुन्हा फोन आला, तो धाकट्यासाठी. तो आता अकरावीत आहे, आणि सीईटीला अकरावीची नेमकी कोणती प्रकरणे आहेत, ती यादी कुठे मिळेल, एवढेच त्यांना हवे होते. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर ती असते, असे मी सांगितले. डायरी अजून माझ्या खणात आहे. ती त्यांनी मागितली नाही.