कालची ‘एसडीबी’ आज ‘एसडीसी’ कशी होते?

प्रश्न : माझ्या संगणकावर लिनक्स आहे. ऐरोलीच्या खाडीकाठी काढलेली फ्लेमिंगोंची छायाचित्रे मी कार्डावरून संगणकात उतरवते आणि रोज रात्री आपोआप चालणारी स्क्रिप्ट त्यांची दुसरी प्रत बाहेरच्या यूएसबी डिस्कवर ठेवते. ही डिस्क संगणक सुरू होतानाच जोडली जावी म्हणून ‘एफएसटॅब’ या, कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये ‘/डेव्ह/एसडीबी१’ असे लिहिले आहे. गेल्या महिन्यात वीज जाऊन आली, तेव्हा कार्ड रीडर लावलेलाच होता. पुढचा आठवडाभर स्क्रिप्टने एकही चूक दाखवली नाही. नंतर रीडर काढून संगणक पुन्हा सुरू केला, तर डिस्कवर त्या आठवड्याची छायाचित्रे नाहीत आणि संगणकाची आतली डिस्क मात्र भरत आली आहे. बाहेरची डिस्क बिघडली आहे का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून डिस्क बिघडलेली वाटत नाही, आणि छायाचित्रेही बहुधा शाबूत आहेत, ती कुठे आहेत हे समजण्यासाठी आधी ‘एसडीबी’ हे नाव कशाचे, ते पाहायला हवे.

युनिक्सच्या परंपरेत यंत्राचे भागसुद्धा फाइलच्या रूपात दिसतात. ‘/डेव्ह’ या फोल्डरमधल्या या डिव्हाइस फाइलींमध्ये मजकूर नसतो, प्रत्येकीत फक्त दोन क्रमांक असतात, आणि त्यांवरून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कोणत्या ड्रायव्हरकडे (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामकडे) व कोणत्या उपकरणाकडे जायचे ते ठरवतो. ‘एसडीबी’साठी ते ८ आणि १६ आहेत, तर तिच्या पहिल्या विभागासाठी, म्हणजे ‘एसडीबी१’साठी, ८ आणि १७. यांतला एकही क्रमांक तुमच्या डिस्कच्या अंगावर कोरलेला नसतो. जे उपकरण आधी सापडेल त्याला आधीचे अक्षर मिळते, दवाखान्यात आधी आलेल्याला आधीचे टोकन मिळते तसे.

त्या दिवशी कार्ड रीडर आधी सापडला असणार. त्यामुळे ‘एसडीबी’ हे नाव कार्डाकडे गेले आणि डिस्क ‘एसडीसी’ झाली. एफएसटॅबमधल्या ओळीत डिस्कची फाइल पद्धत (फाइली मांडून ठेवण्याची रीत) एक्स्ट४ अशी दिली असेल आणि कार्ड एक्सफॅटचे असेल, तर ते डिस्कसाठी ठरलेल्या फोल्डरवर माउंट होऊ, म्हणजे जोडले जाऊ, शकत नाही. ओळीत ‘नोफेल’ (डिस्क जोडता आली नाही तरी पुढे जा) हा पर्यायही असावा, नाहीतर संगणक सुरू होतानाच अडला असता. मग स्क्रिप्टला समोर दिसला तो आतल्या डिस्कवरचा एक रिकामा फोल्डर, आणि तिने आठवडाभर प्रामाणिकपणे त्यातच प्रती ठेवल्या. आता बाहेरची डिस्क पुन्हा त्याच फोल्डरवर माउंट झाल्यामुळे त्या प्रती तिच्याआड झाकल्या गेल्या आहेत. त्या दिसत नाहीत, पण जागा व्यापून आहेत. चूक न दाखवता होणारी चूक मला सर्वांत घातक वाटते, कारण आपण निर्धास्त राहतो.

उपाय असा की नावाऐवजी ओळख वापरावी. फाइल पद्धत तयार होताना तिच्यात यूयूआयडी हा ओळखक्रमांक लिहिला जातो आणि डिस्क कोणत्याही पोर्टला लावली तरी तो बदलत नाही. यूडेव्ह ही व्यवस्था उपकरण जोडताच तो वाचून ‘/डेव्ह/डिस्क/बाय-यूयूआयडी’मध्ये त्या क्रमांकाचा दुवा तयार करते. ‘एलएसबीएलके -एफ’ ही आज्ञा तो दाखवते (येथे देवनागरीत छापले असले तरी टंकताना लहान रोमन अक्षरे वापरावीत). एफएसटॅबमध्ये ‘/डेव्ह/एसडीबी१’च्या जागी ‘यूयूआयडी=’ लिहून पुढे तो क्रमांक द्यावा; त्यातला ‘यूयूआयडी’ हा शब्द मात्र मोठ्या रोमन अक्षरांत हवा. शिवाय स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘माउंटपॉइंट -क्यू’ या आज्ञेने त्या फोल्डरवर खरोखर काही माउंट झाले आहे का ते तपासावे, आणि नसेल तर स्क्रिप्टने तिथेच थांबावे.

चालू असताना डिस्क ओढून काढू नये, हेही याच संदर्भात सांगतो. कॉपी संपल्याचे दिसले तरी काही मजकूर अजून मेमरीतच असतो आणि तो डिस्कवर उतरायला अर्धा मिनिट किंवा अधिकही लागू शकते. ‘यूमाउंट’ ही अनमाउंट करण्याची, म्हणजे डिस्क फोल्डरपासून सोडवण्याची, आज्ञा ते काम पुरे करूनच परतते. शिवाय अनमाउंट न करता काढलेल्या डिस्कचे जुने नाव अडकून राहते आणि तीच डिस्क पुन्हा लावल्यावर पुढचे अक्षर घेते.

झाकलेली छायाचित्रे काढण्यासाठी बाहेरची डिस्क अनमाउंट करून तोच फोल्डर उघडावा, आणि त्यातले सर्व काही दुसऱ्या नावाच्या फोल्डरमध्ये हलवावे. मग डिस्क पुन्हा माउंट करून प्रती तिच्यावर न्याव्यात, आणि दोन्हीकडच्या फाइलींची संख्या व आकार जुळल्यावरच आतल्या प्रती पुसाव्यात.