बौद्धिक दिव्यांगता असलेल्या व्यक्तींना संशोधनात सहसंशोधक म्हणून घेणे खरोखर शक्य आहे का, की ती केवळ औपचारिकता ठरते?

बौद्धिक दिव्यांगता असलेल्या प्रौढांच्या नोकरीतील अनुभवांवर तुम्ही प्रबंध लिहीत आहात, त्यांच्यापैकी दोघांना सहसंशोधक म्हणून घ्यावे असे मार्गदर्शकांनी सुचवले आहे आणि प्रश्नावली तयार झाल्यावर आता त्या दोघांना नेमके कोणते काम द्यावे, हे तुम्हाला उमजत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. अशा दोन प्रकल्पांत मी काम केले आहे, त्यामुळे ही गोष्ट शक्य आहे एवढे खात्रीने सांगू शकतो. मात्र तुमची खरी अडचण ‘प्रश्नावली तयार झाल्यावर’ या शब्दांतच आहे. काय शोधायचे हे ठरून गेल्यानंतर ज्याला बोलावले जाते तो, त्याला कोणतेही पदनाम दिले तरी, मदतनीसच राहतो.

पहिल्या प्रकल्पात आम्हीही हेच केले होते. ‘तुम्हाला तुमचे काम आवडते का?’ या आमच्या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येकाने ‘हो’ म्हटले आणि आम्ही ते कामातील समाधान म्हणून नोंदवू लागलो. आमच्या गटातील एक सहकारी स्वतः गोदामात काम करत असे. ती म्हणाली, “मला विचारलं असतं तर मीपण हो म्हटलं असतं. साहेबांना कळलं तर?” त्याऐवजी काय विचारावे, असे आम्ही तिलाच विचारले, तेव्हा तिने सुचवलेला प्रश्न असा होता: ‘मधल्या सुट्टीत तुमच्या शेजारी कोण बसतं?’ त्या एका प्रश्नाने एकटेपणा, चिडवणे, मैत्री, वरिष्ठांची भीती असे सगळे बोलणे सुरू झाले, जे आमच्या पाच गुणांच्या मोजपट्टीत कुठेही बसले नसते. अभ्यासाचा विषयच त्यामुळे बदलला. माझ्या मते भागीदारी खरी आहे की नावापुरती, हे ओळखण्याची खूण हीच आहे: त्यांच्या म्हणण्यामुळे संशोधनात काही बदलले का, आणि बदलले असल्यास ते तुम्हाला नेमके दाखवता येते का.

या ‘हो’मागे केवळ भीती नसते. सिगेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवले होते की, बौद्धिक दिव्यांगता असलेल्या व्यक्ती मुलाखतीत अनेकदा परस्परविरोधी प्रश्नांनाही होकार देतात. हा त्यांच्या स्वभावाचा दोष मानू नये; ज्यांच्या नकाराला आयुष्यभर कोणी किंमत दिली नाही, त्यांनी होकाराचा आडोसा घेतला तर नवल नाही. म्हणून ‘हो की नाही’ असे प्रश्न शक्यतो टाळावेत, पर्याय चित्रांसह द्यावेत आणि त्यांचा क्रम बदलून पुन्हा विचारावे.

संमतीच्या बाबतीतही हेच लागू होते. पालकांची सही ही त्या व्यक्तीची संमती नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क करारातील कलम 12 कायद्यासमोरील समान मान्यतेविषयी आहे, तर कलम 15 नुसार स्वेच्छेने दिलेल्या संमतीशिवाय कोणावरही वैद्यकीय किंवा वैज्ञानिक प्रयोग करता येत नाही. आम्ही पहिल्याच बैठकीत ‘थांबा’ असे लिहिलेले लाल कार्ड प्रत्येकाला दिले आणि गंमत म्हणून क्षुल्लक गोष्टींवर ते उचलण्याचा सराव करून घेतला, कारण सराव नसलेला नकार ऐन वेळी तोंडातून निघत नाही. तरीही काही जण कार्ड न उचलता दाराकडे पाहत राहत. तोही नकारच समजावा.

ही सावधगिरी अनाठायी वाटत असेल, तर अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील फर्नाल्ड या, बौद्धिक दिव्यांग मानलेल्या मुलांना ठेवणाऱ्या निवासी संस्थेचा इतिहास वाचावा. 1940 आणि 1950 च्या दशकांत तेथील मुलांना किरणोत्सारी द्रव्य मिसळलेला आहार प्रयोगासाठी देण्यात आला. पालकांना पाठवलेल्या पत्रांत त्या द्रव्याचा उल्लेख नव्हता, आणि मुलांना मात्र ‘विज्ञान मंडळा’चे सदस्य करून घेतल्याचे सांगितले होते. ‘सहसंशोधक’ हे पद वाटताना मला हे मंडळ दर वेळी आठवते.

प्रत्यक्ष कामाबद्दल सांगायचे तर, वेळ दुप्पट धरा. बैठकीचे कागद आठवडाभर आधी, मोठ्या अक्षरांत, एका वाक्यात एकच मुद्दा ठेवून पाठवा. असे लिहिताना आमच्या मूळ प्रस्तावातील काही भारदस्त वाक्यांना मुळात अर्थच नव्हता, हेही आमच्या लक्षात आले. विश्लेषणासाठी आम्ही मुलाखतींतील वाक्ये चिठ्ठ्यांवर छापली; सहसंशोधकांनी ती मोठ्याने वाचून किंवा ऐकून त्यांचे ढीग केले आणि ढिगांना नावेही त्यांनीच दिली. आम्ही ज्याला ‘सामाजिक बहिष्करण’ म्हणणार होतो, त्याला त्यांनी ‘बोलावत नाहीत’ हे नाव दिले, आणि आमच्या अहवालात तेच राहिले.

सगळी कामे सगळ्यांनी केली, असे मात्र लिहू नका. पूर्वीच्या साहित्याचा आढावा आणि आकडेमोड आम्हीच केली आणि तसे स्पष्ट नोंदवले. ‘समावेशक संशोधन’ (ज्यांच्याविषयी अभ्यास आहे त्यांनाच त्यात भागीदार करणारे संशोधन) ही संज्ञा रूढ करणाऱ्या जॅन वॉल्मस्ली यांनीही दिव्यांगता नसलेल्या संशोधकाची भूमिका झाकून न ठेवता मोकळेपणाने मांडण्याचा आग्रह धरला आहे. तसेच, नीट बोलू शकणारे दोन सहसंशोधक न बोलणाऱ्या किंवा तीव्र दिव्यांगता असलेल्या व्यक्तींचे प्रतिनिधी ठरत नाहीत. ही मर्यादा प्रबंधात लिहावी लागेल.

मानधन इतर सहायकांना असते त्याच दराने द्या, पण त्यामुळे त्यांना मिळणाऱ्या एखाद्या सरकारी भत्त्याला बाधा येते का, हे आधी तपासा. सोबत येणारी व्यक्ती त्यांच्या वतीने उत्तरे देणार नाही, हेही पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

तुमच्या जागी मी असतो तर तयार प्रश्नावली तूर्त बाजूला ठेवून त्या दोघांना कोऱ्या कागदासह भेटलो असतो आणि नोकरीबद्दल लोकांना काय विचारायला हवे, एवढेच विचारले असते.

आणखी एक गोष्ट. पहिला प्रकल्प संपल्यावर महिन्याभराने त्या गोदामातील सहकारीचा फोन आला. पुढची बैठक कधी आहे, असे ती विचारत होती. काम संपल्याचे आम्ही अहवालात लिहिले होते, तिला कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या प्रकल्पात शेवटच्या बैठकीची तारीख आम्ही पहिल्याच कागदावर छापली आणि प्रत्येक बैठकीत आता किती बैठका उरल्या, ते तिच्याकडून मोजून घेतले.