सव्वा महिन्याची खोली

लाडक्या लेकी,

तुझा निरोप काल रात्री तीनदा वाचला. बाहेर झड लागलेली, मावशीच्या खोलीत कोळशाची शेगडी, खिडकीला गोधडी, धुरानं तुझे डोळे चुरचुरतात. आजी मावशीला घोट-दोन घोटच पाणी देते. आणि बाळ नऊ दिवसांचं झालं नाही तोच घुटीची तयारी चाललीय. तू विचारलंस, "आई, आपल्यात हे असं का करतात? मावशीला यानं त्रास तर होणार नाही ना?"

बरं झालं विचारलंस. पण आजीच्या तोंडाला तोंड देऊ नकोस. तिची चार बाळंतपणं त्याच खोलीत झाली आणि त्यांतली दोनच लेकरं तिच्या हाती लागली, मी आणि मावशी. पहिला गेला तो आठव्या दिवशी, धनुर्वातानं. तेव्हा नाळ घरातल्याच विळ्यानं कापायचे. परवा पाचवीला तुम्ही सटवाईपुढे कोरा कागद नि लेखणी ठेवून रात्रभर दिवा जागता ठेवला ना, तेव्हा आजी त्या दिव्याजवळून का हलली नाही ते आता तुला कळेल. गरोदरपणातली सुई आणि दवाखान्यातलं बाळंतपण यांमुळे नवजात बाळांचा धनुर्वात २०१५ पर्यंत आपल्या देशातून जवळजवळ हटला. आजीच्या मनातली भीती हटलेली नाही.

आता शेगडी. आपलं घर मातीचं. श्रावणात भिंती सादळतात, लंगोट दोन-दोन दिवस वाळत नाहीत, आणि एवढ्याशा जिवाला अंगातली ऊब धरून ठेवता येत नाही. ऊब हवीच, आजीचं तेवढं अगदी खरं. पण बंद खोलीत कोळसा धुमसला की जो वायू निघतो त्याला ना रंग ना वास. झोपलेलं माणूस झोपेतच जातं. म्हणून आजच्या आज शेगडी ओसरीवर काढ. लंगोट, दुपटी तिथं शेकून कोमट करून आत ने. खिडकी वीतभर उघडी ठेव, बाज वाऱ्याच्या वाटेतून बाजूला सरकव. बाळाला टोपडं घाल, नुसत्या लंगोटावर मावशीच्या उघड्या छातीशी दे आणि वरून दोघांना पांघरूण घाल. याहून चांगली शेगडी नाही. मावशीच्या कंबरेला गरम पाण्याची पिशवी दे. आजी म्हणेल, "ओल्या बाळंतिणीले वारं लागलं का जन्माची कंबर धरते." तर म्हण, "वारं नाही लागू देत आजी, धूर तेवढा बाहेर काढते."

पाण्याचं कारण असं, की पाण्यानं पोट सुटतं आणि टाके पिकतात अशी समजूत आहे. तसं होत नाही. गर्भाशय पहिल्यासारखं व्हायला साधारण सहा आठवडे लागतात, पाणी प्या की नका पिऊ. उलट पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते, आणि पाणी तोडलं की शौचाला खडा होतो, लघवीला जळजळ होते, कुंथताना टाक्यांवर ताण येतो. मावशीच्या उशाशी भरलेला तांब्या ठेव. ती पाजायला बसली की दर वेळी पेलाभर दे. ओवा घालून उकळलेलं, कोमट दे, म्हणजे आजीचंही मन राहील.

खाण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. अळिवाची खीर, डिंकाचा लाडू, मुगाचं वरण, मेथी, सगळं दोन हातांनी वाढ. वांगं आणि हरभऱ्याची डाळ वर्ज्य करण्यात मला तथ्य दिसत नाही, पण सव्वा महिना वांगं न खाल्ल्यानं बिघडत नाही. त्यावरून भांडू नकोस. दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या मात्र १८० दिवस रोज घ्यायच्या, चहाबरोबर नाही.

घुटीवर मी ठाम आहे. सहाणेवर हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ उगाळतानाचा वास माझ्या नाकात अजून आहे, म्हणून हे लिहिताना जड जातं. पण सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीच नको, पाणीसुद्धा नको. मध तर वर्षभर नको. सहाणेला, पाण्याला, बोटाला लागलेली घाण थेट त्या कोवळ्या पोटात जाते. बाळ पोटभर पितं की नाही हे ओळखायला लंगोट मोज. आठवड्याच्या बाळाचे दिवसाला सहा तरी ओले झाले, तर दूध पुरतं आहे. सुरुवातीला वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत भरून येतं.

न्हाऊ घालणाऱ्या बाईंना दोनच गोष्टी सांग. नाळेवर तेल, हळद, राख काही लावायचं नाही, ती कोरडी राहून आपोआप पडते. आणि बाळाची छाती सुजरी दिसली तरी पिळायची नाही. आईच्या अंगातल्या संप्रेरकांमुळे ती फुगते नि आपोआप बसते. पिळली तर पिकते. काजळ डोळ्यात नको. तीट तळपायाला लावू दे.

आता तुझी गोष्ट सांगते. तू इथं इंग्लंडात, लीड्सला झालीस, फेब्रुवारीत. आजीचा व्हिसा वेळेत झाला नाही. बाबांची रजा दोन आठवड्यांत संपली. पंधराव्या दिवशी दुपारी मी एकटी होते, अंगात ताप, एक छाती दगडासारखी टणक, तू रडत होतीस आणि मीही. दारात आलेल्या नर्सबाईंनी कोट काढायच्या आधी मला पाणी दिलं. मग माझ्या शेजारी बसून तुझी हनुवटी बोटानं खाली केली, नुसतं बोंड नाही, भोवतालचा काळा भागही तुझ्या तोंडात जाईल असं तुला धरलं. तुझ्या गिळण्याचा आवाज आला, "कुक्, कुक्". डॉक्टरांनी औषध दिलं, ताप गेला. पण त्या दिवसांत मला आठवायची ती हीच खोली. सव्वा महिना बाईनं उठायचं नाही, कुणीतरी ताट आणून द्यायचं, रात्री कुणीतरी बाळ घ्यायचं. मला ते मिळालं नाही. मावशीला मिळतंय. शेगडी गेली तरी चालेल, हे जाता कामा नये.

मावशी उगाच रडते आणि आजी म्हणते नजर लागली, असंही लिहिलंस. पहिले दहा-बारा दिवस बहुतेक बाळंतिणी रडतात. जवळ बस, बाळ घे, तिला दोन तास सलग झोपू दे. दोन आठवड्यांनंतरही रडू थांबलं नाही, झोप उडाली, बाळाकडे बघावंसं वाटेना, तर दवाखान्यात न्यायचं, मांत्रिकाकडे नाही. मनाच्या त्रासासाठी सरकारचा १४४१६ हा नंबर आहे, त्यावर फुकट बोलता येतं, मराठीतही.

गावच्या आरोग्यसेविका आशाताई ३ऱ्या आणि ७व्या दिवशी येऊन गेल्या, अजून १४व्या, २१व्या, २८व्या आणि ४२व्या दिवशी येतील. हे घरी येणं आपल्याच विदर्भातून देशभर गेलं. गडचिरोलीच्या ३९ गावांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना बाळ तपासायला, ताप मोजायला, वेळेवर औषध द्यायला शिकवलं, आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या मासिकात छापून आलं, २०११ पासून सरकारनं देशभर सुरू केलं. आजीला हे सांग. गावातल्या बाईनं केलेलं काम आहे म्हटल्यावर ती ऐकेल.

आशाताईंची वाट न बघता रुग्णवाहिकेसाठी १०२ ला फोन करायचा तो कधी, ते भिंतीवर लिहून लाव. बाळ प्यायचं थांबलं, गार किंवा तापलेलं लागलं, श्वासाला छाती आत ओढली जायला लागली, तळहात-तळपाय पिवळे झाले. मावशीचं अंगावरून जाणं चार ते सहा आठवडे चालतंच, पण तासाभरात कापडाची घडी रक्तानं भिजली, थंडी वाजून ताप आला, किंवा डोकं फुटेस्तोवर दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच.

येत्या शुक्रवारी आजी जिवतीची पूजा करेल. लेकरं लांब असली की आई चारी दिशांना अक्षता टाकते. मी इथं तुझ्यासाठी टाकेन. तू ओसरीवर उभी राहून बघ, आजी माझ्या नावच्या अक्षता कुठल्या बाजूला टाकते, आणि रात्री कळव. १४व्या दिवसाचं बाळाचं वजनही कळव.

तुझी,
आई