उघड्यावर ‘रुक्मिणी स्वयंवर’ करायचं तर

बाळा, एकनाथांच्या या ग्रंथातले १८ही प्रसंग घेऊ नकोस. रुक्मिणीनं कृष्णाला धाडलेली पत्रिका आणि तिचं हरण, एवढ्यावर रात्र रंगते. पत्रिका म्हणणारीला मात्र वही देऊ नको, पाठच हवं.

जीव लाव तो पखवाजाला. कर्नाटकातल्या खानापूरकडं थंडीत दव पडलं की कातडं सैल होतं, सूर उतरतो. वाद्यं वेळ होईपर्यंत घोंगडीत ठेव. धुम्याची, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची, कणीक भिजवून ओल्या फडक्यात ने, वाजवायच्या जरा आधी लाव. सूर मैदानातच जुळवायचा, घरी जुळवलेला टिकत नाही गं. माईकला स्पंजची टोपी घाल, नाहीतर वारा ओव्या गिळतो.

पोलीस ठाण्याचा अर्ज कन्नडमधून लिहून घे. रात्री १०ला स्पीकर बंद करावा लागतो, तेव्हा सातलाच सुरू कर.